तीन कोर्टांच्या आत

सरोजताईंना अंतर मीटरमध्ये सांगितलेलं आवडत नसे. त्या बॅडमिंटनच्या कोर्टांत मोजायच्या. मिल्टन कीन्समध्ये आम्ही घर घेतलं त्याच आठवड्यात कुंपणावरून त्यांचं डोकं वर आलं. आखूड कापलेले पांढरे केस, कपाळावर चढवलेला सेफ्टी गॉगल. माझ्या मागच्या बागेवरून एकदा नजर फिरवून त्यांनी निकाल दिला, "दीड कोर्ट. बरं आहे. आमचं सव्वाच आहे." मग गाव कोणतं, नवरा काय करतो, मुलं किती, यातलं काहीही न विचारता म्हणाल्या, "दुपारी शेडमधून ठक-ठक आवाज येईल. घाबरू नको. मी गोळ्या बनवून राहिली."

मला वाटलं, आवळ्याच्या किंवा चिंचेच्या असतील. संध्याकाळी मी कौतुकानं वाटी घेऊन गेले. त्यांनी माझ्या वाटीत बोटाच्या पेराएवढी, जड, चंदेरी, गुळगुळीत वस्तू टाकली. वाटी हातात खाली गेली. "शिसं आहे," त्या म्हणाल्या, "खाऊ नको. आणि घरी जाऊन हात धू."

सरोज भोयर नागपूरच्या. इंजिनीयरिंगला मेटलर्जीच्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या आणि त्याबद्दल कुणी कौतुक केलं की त्यांना राग यायचा. "वर्गात भट्टी होती. भट्टीला कुठं माहीत असते कोण मुलगी अन् कोण मुलगा?" लग्न करून इंग्लंडला आल्या, मिडलंड्समधल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांचे सुटे भाग तोडून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिल्या. कोणता भाग का मोडला हे सांगणं हे त्यांचं काम. त्यामुळे मोडलेल्या कुठल्याही गोष्टीविषयी त्यांना फार उत्सुकता असे आणि न मोडलेल्या गोष्टीविषयी संशय.

मी त्यांना आधी काकू म्हणाले. "मी तुझ्या कोणत्या काकाची बायको?" असं त्यांनी विचारलं, तेव्हापासून सरोजताई.

त्यांच्या शेडमध्ये मला आत यायची परवानगी नव्हती, दारात उभं राहायची होती. दार सताड उघडं, तोंडावर मास्क, हातात कोपरापर्यंत जाड हातमोजे. एका लहानशा विजेच्या भांड्यात भंगारवाल्याकडून आणलेलं, जुन्या छपरांचं शिसं वितळत असे. त्यात थोडं कथील. ते पळीनं साच्यात ओतायचं, थांबायचं, लाकडी दांडक्यानं ठक करून साचा उघडायचा. गोळी फडक्यावर पडायची. मग त्या ती चिमट्यानं उचलून उजेडाकडे धरायच्या. एखादी सुरकुती, एखादा खळगा दिसला की म्हणायच्या, "भांड्यात परत!" आणि ती पुन्हा वितळायला जायची.

हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की ते शेडबाहेरही यायचे. मी केलेल्या पोह्यांचा गिचका झाला: भांड्यात परत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी लांबलेलं आभारप्रदर्शन केलं, की मागच्या रांगेतून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. माझ्या नवऱ्यानं, समीरनं, रीडिंग शहरातल्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूची तयारी त्यांच्यासमोर केली, तेव्हा त्यांनी त्याला एकाच संध्याकाळी इतक्या वेळा भांड्यात परत पाठवलं की तो चिडून घरी आला. नोकरी मिळाली. तेव्हा तो पेढे घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेला.

शिकारीची गोष्ट मला हळूहळू कळली. त्यांचे यजमान दिलीपराव गेले, त्यानंतर गावाबाहेरच्या रानात लोकांनी मिळून झाडं लावली. सरोजताईंनी दिलीपरावांच्या नावानं हेझलची आणि ओकची रोपं लावली, आपल्या हातानं. पहिल्या हिवाळ्यात हरणांनी ती जमिनीलगत खाऊन टाकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली. त्या तणतणत रान सांभाळणाऱ्या ग्रॅहमकडे गेल्या. ग्रॅहम हा साठीपलीकडचा, उंच, फार कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, की इथे लांडगे नाहीत, त्यामुळे हरणं वाढतात आणि रान संपतं. म्हणून दर वर्षी काही हरणं मारावी लागतात. ते काम तो करतो.

"मग मला वाटलं," सरोजताई मला म्हणाल्या, "मी चांगली मटण खाणारी बाई. झाडं वाचावी असं मला वाटते. अन् मारायचं काम मात्र त्या ग्रॅहमनं करावं, मी घरी बसून हळहळावं. हे काही बरोबर नाही ना."

त्यांनी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली. पोलिसांचा माणूस घरी येऊन रायफल ठेवायची तिजोरी तपासून गेला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरोज भोयर यांच्याकडे रायफलचा परवाना आला.

आणि पहिल्याच हिवाळ्यात ती गोष्ट झाली, जी त्यांनी मला फक्त एकदा सांगितली. आम्ही त्यांच्या किचनमध्ये बसलो होतो, त्या मेथी निवडत होत्या. सुरुवात कशावरून झाली आठवत नाही.

"दोनशे मीटरवर होती. फॅलो जातीची मादी. ग्रॅहम म्हणाला, थांबू, जवळ येईल. मला धीर नव्हता. दुकानातली महागाची गोळी, महागाची दुर्बीण. कागदावर मी दोनशे मीटर सहज मारत होती. मारली. ती वाकली, अन् पळाली." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "संध्याकाळ झाली. ग्रॅहमचं कुत्रं घेऊन आम्ही शोधलं. रक्त दिसायचं, मग नाही दिसायचं. सकाळी सापडली. जिवंत होती."

मी मेथीची ताटली माझ्याकडे ओढली.

"माझ्याकडे बघत होती, मृणाल. ग्रॅहमनं संपवलं ते. मला नाही जमलं."

त्यानंतर त्यांनी तीन कोर्टांचा नियम केला. बॅडमिंटनची तीन कोर्टं एकापुढे एक मांडली तर जेवढी लांबी होते, साधारण चाळीस मीटर, त्याच्या आत जनावर आलं तरच घोडा ओढायचा. लांबून मारायचा मोहच होऊ नये म्हणून ती दुर्बिणीची रायफल त्यांनी विकली आणि एक जुन्या पद्धतीची, दर गोळीला खटका ओढून भरायची, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीनं नेम धरायची रायफल घेतली. तिच्यातून जड, संथ गोळी सुटते. लांब गेली की खाली पडते. जवळून मात्र नेमकी लागते. आणि गोळी स्वतः ओतायची. का, तर "एखादी गोष्ट मोडली तर का मोडली, हे मला माहीत असलं पाहिजे. दुसऱ्याच्या धातूची जबाबदारी मी कशी घेऊ?"

पण ग्रॅहमबरोबर त्या रानात जायच्या, ते नुसतं जायच्याच. आमच्याकडची रानं लहान. हरिण जवळ आलं तर त्याच्यामागे कुणाचं तरी कुत्रं फिरत असायचं, कुणाची सायकल. सरोजताई रायफल खाली करायच्या. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. त्या मादीनंतर त्यांनी कुठल्याही जिवंत जनावरावर गोळी झाडलेली नव्हती.

मग हात कापायला लागला.

चहाच्या कपात चमचा किणकिणायला लागला, तेव्हा मला आधी वाटलं थंडी आहे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार. माझ्या ओळखीतल्या कुणीही हे लपवलं असतं. सरोजताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः पोलिसांना कळवलं आणि ग्रॅहमला सांगितलं, "माझी परीक्षा घे. नापास झाली तर रायफल आजच देऊन टाकते."

ग्रॅहमनं परीक्षा घेतली. मी गेले होते बघायला. उभ्यानं, हातावर तोलून मारलेल्या गोळ्या कागदभर पसरल्या. मग त्यांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, स्वतः जमिनीवर पालथ्या झाल्या, गाल लाकडाला लावला. तीन कोर्टांच्या अंतरावर सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत लागल्या. चार कोर्टांवर नाही. ग्रॅहमनं दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि इंग्रजीत म्हणाला, "तू ठरवलेलं अंतर आता तुझ्या हातानंही ठरवलंय." पोलिसांनी डॉक्टरांचं मत घेऊन वर्षभराची मुदत दिली.

"एक वर्ष," सरोजताई गाडीत बसताना म्हणाल्या. "एक तरी नीट करायचं. मग देऊन टाकायची."

त्या वर्षाला दिशा दिली कॅरलनं. कॅरल ही त्यांची फाउंड्रीतली जुनी मैत्रीण; एका अमेरिकन माणसाशी लग्न करून मोंटानात गेली, तिथं गुरांचं मोठं रान घेऊन राहते. तिथं म्यूल डिअर असतात. आपल्या हरणांपेक्षा थोराड, खेचरासारखे लांब कान. कॅरल दर वर्षी बोलवायची. तिथे शिकारीचा परवाना सोडतीत लागावा लागतो, आणि त्या वर्षी सरोजताईंचा लागला. तिथल्या रानात मैलोगणती कुणी नसतं. कॅरलच्या नवऱ्याकडे त्याच जातीची रायफल होती. गोळ्या मात्र सरोजताई आपल्या नेणार होत्या.

मग तयारी सुरू झाली, आणि त्या तयारीत आमची अख्खी गल्ली सापडली.

नेम हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता जवळ जाण्याचा. एवढ्या मोठ्या कानांचं जनावर तीन कोर्टांच्या आत माणसाला येऊ देईल कसं? सरोजताईंनी आवाज न करता चालायचा सराव सुरू केला. सकाळी लोक रेडवे म्हणतात त्या लाल सायकलवाटेवरून ऑफिसला निघायचे, तेव्हा ही बासष्टीची बाई तपकिरी जॅकेट घालून शेजारच्या गवतात एक पाऊल टाकायची, थांबायची, पुन्हा एक टाकायची. कालव्याकाठच्या बदकांजवळ जाऊन बघायची. बदकं उडाली की मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी कौन्सिलला फोन करून कळवलं की एक वृद्ध महिला हरवलेली दिसते. फ्लुअरोसंट जॅकेटातली मुलगी विचारपूस करायला आली, तर या ओठांवर बोट ठेवून तिच्यावरच रागावल्या. "बदकं उडवली तू माझी!"

एके दिवशी मी भांडी घासत होते. मागचं दार उघडं होतं. वळले तर सरोजताई माझ्या मागे हातभर अंतरावर उभ्या. मी किंचाळले, हातातली कढई सुटली. त्यांनी शांतपणे मान डोलावली. "तू जमली. पण तुझे कान लहान आहेत."

मग वास. हरणाला माणसाचा वास लांबून येतो, म्हणून सुगंधी साबण बंद, केसांना तेल बंद. शिकारीचे कपडे घरात ठेवले तर त्यांना लसणाच्या फोडणीचा वास लागतो, म्हणून ते बाहेर टांगलेले. "वारा तोंडावर घ्यायचा," त्या मला शिकवायच्या, जणू मीही निघाले होते. "वारा पाठीवर असला की समज, तुझा वास आधी पोचला अन् तू नंतर."

गणपतीत एक प्रसंग झाला. मंडळाच्या मोदकांची जबाबदारी वर्षानुवर्षं सरोजताईंकडे असायची. हात कापत असतानाही त्यांच्या मोदकाच्या पाकळ्या बघण्यासारख्या. कुणीतरी मोंटानाची बातमी कमिटीत पोचवली. कमिटीतले एक गृहस्थ, स्वभावानं वाईट नव्हेत, हॉलच्या किचनमध्ये येऊन अवघडून म्हणाले, "ताई, गैरसमज नको. पण नैवेद्य आहे. काही लोकांना वाटतंय की… या हातांनी… म्हणजे तुम्ही समजून घ्याल."

सरोजताईंनी हातातली पारी ताटात ठेवली.

"तुम्ही मटण खाता?"

"खातो की. पण घरी. आणि ते आपण नाही मारत ना."

"हौ. तेच." त्यांनी हात धुतले. "मोदक तुम्ही करा. भांडी कोण घासून राहिलं?"

आणि त्या दिवशी हॉलमधली सगळी भांडी त्यांनी घासली. दोन-तीन जणी मदतीला गेल्या, त्यांनी नको म्हटलं नाही. ते गृहस्थही शेवटी बाह्या वर करून पातेली पुसायला उभे राहिले. निघताना त्यांनी सरोजताईंना विचारलं, "परत कधी येणार?" त्या म्हणाल्या, "आली की सांगते."

हीथ्रोला त्यांना सोडायला मीच गेले. गोळ्या चिवड्याच्या डब्यात, कापसात रचलेल्या. नुसतं शिसं, बारूद आणि बाकीचं तिथंच भरायचं होतं. विमान कंपनीला त्यांनी आधीच कळवलं होतं, पण काउंटरवरच्या मुलीला कुणी कळवलं नव्हतं. ती डबा उचलायला गेली आणि तो उचलेना. वरिष्ठ आला. त्यानं एक गोळी बोटांत फिरवली.

"या विकत मिळतात ना? घरी का केल्या?"

"कारण त्यांत काय आहे ते मला माहीत आहे," सरोजताई म्हणाल्या, आणि मग शिशात कथील घातलं की साचा कसा नीट भरतो, हे त्याला समजावू लागल्या. मागे रांग वाढली. त्यानं हसून डब्यावर चिकटपट्टी लावली. आत जाताना त्यांनी मागे वळून हात केला. हात खूप कापत होता, त्यामुळे तो निरोप जरा लांबला.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं, परत आल्यावर.

पहिल्या दिवशी मोठा नर दिसला. भलीमोठी शिंगं. पण तो पलीकडच्या उतारावर होता. कॅरलचा नवरा म्हणाला, माझी दुर्बिणीची रायफल घे, तो जागीच आडवा होईल. सरोजताई नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, सगळी हरणं उधळली. तिसऱ्या दिवशी बर्फ. त्या ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गुडघ्यांवर रांगत एका माजलेल्या नराच्या जवळ गेल्या, पाच कोर्टं, चार कोर्टं, आणि तिथं पुढे आडोसाच नव्हता. तासभर पडून राहिल्या. तो निघून गेला. रात्री जेवताना कॅरलचा नवरा काळजीनं म्हणाला, "सरोज, दिवस संपत आलेत. चार कोर्टं काही फार नाहीत." त्यावर या म्हणाल्या, "मला फार आहेत."

शेवटच्या दिवशी सकाळी त्या आणि कॅरल दोघीच निघाल्या. वारा तोंडावर. ज्युनिपरच्या झुडपांमागे पाच-सहा हरणं चरत होती. कॅरलला मागे थांबवून त्या पुढे सरकल्या. एक पाऊल, थांबणं. पुढे एक खडक होता. त्यावर सॅक ठेवली, सॅकवर रायफल. एक तरणा नर, शिंगं काही दाखवण्यासारखी नाहीत, चरत चरत त्यांच्याकडेच येत होता.

"मृणाल, त्याच्या कानाच्या कडेचे केस दिसत होते मला. तीन कोर्टांच्या पुष्कळ आत. मागे नुसती टेकडी. सगळं बरोबर होतं, अन् हात थांबेना. सॅकवर रायफल होती, तरी खांद्यापासून हलत होती मी. मला ती मादी आठवली. वाटलं, उठावं, टाळी वाजवावी, पळवून द्यावं याला."

"मग?"

"मग विचार केला, ही भीती आहे की काळजी? काळजी तर आधीच घेऊन झाली. तीन वर्षं घेतली. श्वास सोडला. माशी त्याच्या खांद्यामागे स्थिर झाली तेव्हा घोडा ओढला."

तो एकदा उडी मारून पुढे गेला, दोन-चार ढांगा, आणि बसल्यासारखा खाली आला. पुन्हा उठला नाही. सरोजताई धावल्या नाहीत. रायफल रिकामी करून तिथंच बसून राहिल्या. कॅरल आली, तिनं खांद्यावर हात ठेवला. जवळ जाऊन त्यांनी बघितलं, डोळ्याला गवताची काडी लावून बघितली. काहीच हललं नाही.

"रडलात?" मी विचारलं.

"हौ. पण चांगलं रडली." त्यांनी नाक पुसलं. "मग तो सोलायचा होता. थंडीत बोटं चालेनात. रडायला वेळ कुठं होता?"

त्या रात्री त्यांनी कॅरलच्या घरी काळ्या मसाल्यात मटण केलं. बाकीचं मांस कॅरलच्या फ्रीझरमध्ये आणि शेजारच्या दोन घरांत गेलं. शिंगं त्यांनी आणली नाहीत. फोटोही एकच, तोही कॅरलनं काढलेला: बर्फात बसलेली एक बाई, टोपी कानांवर ओढलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी.

परवान्याची मुदत संपायला अजून चार महिने होते. सरोजताईंनी आल्याच्या आठवड्यात रायफल ग्रॅहमच्या स्वाधीन केली आणि परवाना पोलिसांना परत पाठवला. "मुदत आहे ना अजून," मी म्हणाले. "आहे," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

नंतरच्या हिवाळ्यात मुलीनं त्यांना ग्लासगोला राहायला बोलावलं. घर विकलं गेलं. त्या जायच्या आधीची ही एक सकाळ आहे. त्यानंतर फोनवर पुष्कळ बोललो, पण समोरासमोर त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच.

मी ऑफिसला निघाले होते. राउंडअबाउटच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे एक गाडी धोक्याचे दिवे लावून कडेला उभी, तिचा बंपर आत गेलेला, आणि सुटातला तिचा मालक फोनवर कुणाला तरी पुन्हा पुन्हा जागा समजावून सांगत होता. गवताच्या कडेला गाडीनं उडवलेली एक हरिणी पडली होती. तिचे मागचे पाय वेडेवाकडे होते. आणि तिच्या डोक्याशी, ओल्या गवतात मांडी घालून सरोजताई बसल्या होत्या. रोजच्या फेरीला निघाल्या असणार. अंगातला कोट काढून त्यांनी हरिणीच्या डोळ्यांवर टाकला होता, आणि स्वतः नुसत्या स्वेटरमध्ये बसल्या होत्या, त्या थंडीत.

मी काच खाली केली. "सरोजताई!"

त्यांनी वर पाहिलं. एक हात हरिणीच्या मानेवर होता. तो सारखा कापत होता, आणि त्या कापणाऱ्या हाताखाली ती हरिणी अगदी शांत पडली होती.

"ग्रॅहम निघाला आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोचेलच. तो येईपर्यंत मी आहे इथं."

"मी थांबू का? कोट तरी घ्या माझा."

"नको. आवाज नको. गाडी काढ तू, मागं लोक अडकून राहिले."

मी गिअर टाकला. राउंडअबाउटला वळताना आरशात पाहिलं. सरोजताई हरिणीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होत्या.